सराट्याचे बी आणि फिंचची चोच

निवडुंगाला पाणी मिळेना म्हणून त्याने पानांचे काटे केले, ध्रुवीय अस्वलाला थंडी सोसेना म्हणून त्याने अंगावर दाट केस वाढवले, अशा धर्तीची उत्तरे लिहून आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पूर्ण गुण मिळवलेले असतात; आणि परिस्थितीशी जुळवून घेणे म्हणजे गरज पडल्यावर प्राण्याने अगर वनस्पतीने आपल्याच शरीरात करून घेतलेली दुरुस्ती, ही समजूत त्या गुणांबरोबरच मनात ठाण मांडून बसते. वास्तविक गरजेपोटी अवयव उत्पन्न होत असते, तर पृथ्वीवरील एकही जीवजाती नामशेष होण्याचे कारण नव्हते.

ह्या समजुतीला एके काळी शास्त्राचा आधार होता. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने १८०९ साली असे प्रतिपादन केले की, वापराने अवयव वाढतो, न वापरल्याने क्षीण होतो आणि अशा रीतीने हयातीत कमावलेला बदल संततीला वारसाहक्काने मिळतो. ह्या मतास मूर्खपणाचे म्हणून हसण्यात अर्थ नाही, कारण प्रत्यक्ष डार्विनलाही ते पुरते सोडवले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑगस्ट व्हाइसमान ह्या जर्मन शास्त्रज्ञाने लागोपाठ पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या छाटून पाहिल्या, तेव्हा त्यांच्या पोटी जन्मलेल्या ९०१ पिलांत एकही बिनशेपटीचे अगर तोकड्या शेपटीचे निघाले नाही. आपल्याकडचा सोनार पिढ्यानपिढ्या तान्ह्या मुलांचे कान टोचत आला आहे, आणि तरीही टोचलेल्या कानाने कोणी जन्माला येत नाही. एवढ्यावर समाधान मानले असते तर त्या उंदरांचे हाल वाचले असते!

मग बदलते ते काय? ह्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा एका बेटाच्या दफ्तरातून देणे बरे. पॅसिफिक महासागरातील गालापागोस द्वीपसमूहात डॅफ्नी मेजर नावाचे, सुमारे ३४ हेक्टरांचे, निर्मनुष्य बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट ह्या दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ पासून तेथील फिंच पक्ष्यांची अशी काटेकोर शिरगणती चालवली की, एखाद्या तालुका कचेरीच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीनेही मान खाली घालावी. पकडलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायात ओळखीची कडी, आणि वहीत त्याचे वजन, पंखाची लांबी, चोचीची लांबी, रुंदी व जाडी, असा सारा तपशील. १९७६ च्या पावसाळ्यात तेथे १२७ मिलिमीटर पाऊस झाला होता. १९७७ साली तो अवघा २४ मिलिमीटर झाला. मऊ व बारीक बिया पक्ष्यांनी पाहता पाहता संपवल्या, आणि उरली ती मुख्यतः सराट्याची फळे. आपल्या माळरानावर अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेत रुततो, त्या सराट्याचाच हा भाऊबंद. त्याचे कवच कठीण, वर अणकुचीदार काटे, आणि आतले बी हाती लागावयाचे तर चोचीत धरून ते कवच पिरगाळून फोडावे लागते. मध्यम भू-फिंच ह्या जातीतील ज्या पक्ष्यांची चोच जाड होती त्यांना हे साधले. ज्यांची चोच बारीक होती त्यांनी फळ उचलून पाहिले अगर न पाहताच टाकून दिले, आणि ते उपाशी मेले. पाऊस परतेपर्यंत शंभरांतील सुमारे पंच्याऐंशी पक्षी नाहीसे झाले होते. मागे राहिलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी पूर्वीच्या सरासरीहून सुमारे अर्ध्या मिलिमीटरने अधिक भरली.

ह्या ठिकाणी क्षणभर थांबावे. दुष्काळाच्या त्या महिन्यांत, गरज पडली म्हणून, एकाही पक्ष्याची चोच जाड झाली नव्हती. जाड चोच ज्यांच्यापाशी होती त्यांच्यापाशी ती आधीपासूनच होती, आणि दुष्काळाने काय केले असेल तर बाकीच्यांची नावे वहीतून खोडली. चोचीची जाडी बव्हंशी आईबापांकडून येते. त्यामुळे १९७८ साली जी पिले अंड्यांतून बाहेर आली त्यांच्याही चोची जाड निघाल्या. पक्षी बदलला नाही. पक्ष्यांच्या समुदायाची सरासरी बदलली. उत्क्रांतीला लाखो वर्षे लागतात, सबब ती कोणी पाहू शकत नाही, हा दुसरा समजही ह्याच नोंदींनी निकालात निघतो. (डार्विनला १८३५ साली ह्या बेटांवर चोची पाहताक्षणीच साक्षात्कार झाला ही आख्यायिकाही तितकीच पोकळ आहे: कोणता फिंच कोणत्या बेटावरचा ह्याची नोंदसुद्धा त्याने धड ठेवली नव्हती, आणि ह्या पक्ष्यांच्या भिन्न जाती ओळखल्या त्या लंडनला, १८३७ साली, जॉन गोल्ड ह्या पक्षितज्ज्ञाने.)

औषधाची जंतूंना सवय झाली, असे आपण सर्रास बोलतो, आणि त्या बोलण्यात लामार्कच पुन्हा दिंडीदरवाजाने आत शिरतो. जोशुआ व एस्थर लेडरबर्ग ह्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला त्याच्या साधेपणामुळे फार आवडतो. जंतूंच्या वसाहती वाढलेल्या बशीवर त्यांनी मखमलीचा तुकडा हलकेच दाबला आणि तोच तुकडा दुसऱ्या बशांवर टेकवला, तेव्हा मूळ बशीतील वसाहतींचा जसाच्या तसा नकाशा तेथे उमटला. औषध मिसळलेल्या बशीत जेथे जंतू तगले, मूळ बशीतील नेमक्या त्याच जागेचे, औषधाचा वासही न लागलेले जंतू त्यांनी वेचले. आणि अशा वेचणीतून औषधाला दाद न देणारा वाण वेगळा काढता आला. म्हणजे प्रतिकार करणारे जंतू औषध येण्यापूर्वीच हजर होते. औषधाने त्यांना घडवले नाही, प्रतिस्पर्ध्यांची जागा तेवढी रिकामी करून दिली.

येथे कोणी म्हणेल की, मग हा सारा योगायोगाचाच कारभार झाला. निम्मे खरे आहे. भेद उत्पन्न होतात ते गरजेची विचारपूस न करता. पण त्यांपैकी कोणाचा वंश पुढे चालावा ह्याचा निवाडा डॅफ्नीवर नाणे उडवून झाला नव्हता, तो सराट्याच्या कवचाने केला. ह्या निवाड्यालाच नैसर्गिक निवड म्हणतात.

बलवानांचे राज्य असा नैसर्गिक निवडीचा अर्थ लावून अन्यायाला शास्त्राचा शिक्का मिळवू पाहणाऱ्यांची संख्या अजून कमी झालेली नाही. ‘लायक तोच टिकतो’ हे वचन मुळात हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४ सालचे. डार्विनने ते आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत, १८६९ साली, उसने घेतले, आणि माझ्या मते तो सौदा महागात पडला. लायकी कशाची, हे त्या वचनात सांगितलेलेच नाही. डॅफ्नीवर १९८३ साली, एल निन्योच्या प्रभावाने, तेराशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, वेलींनी सराट्याला झाकून टाकले, बारीक बियांची रेलचेल झाली, आणि पुढच्या कोरड्या काळात लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. पुढे २००३ नंतर पुन्हा तीव्र अवर्षण आले. पण दरम्यान तेथे वस्तीला आलेल्या थोराड जातीच्या फिंचांनी सराट्याचा साठा फस्त केला, त्यामुळे १९७७ साली जी जाड चोच तारक ठरली होती तीच आता घातक ठरली. बेट तेच, पक्षी त्याच जातीचा, संकटही अवर्षणाचेच. निकाल मात्र नेमका उलट.

निवडीतून निर्दोष जीव घडतात, ही शेवटची समजूत तपासण्यास गालापागोसपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. विदर्भातील आणि नंदुरबारकडील काही समाजांत आढळणारा सिकलसेल ज्या जनुकामुळे होतो, ते जनुक आई व बाप दोघांकडून आले तर तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन मरणप्राय वेदना देतात. एकाकडूनच आले तर ती व्यक्ती केवळ वाहक राहते, सहसा निरोगी असते, आणि मलेरियाच्या घातक स्वरूपापासून तिचा पुष्कळ बचाव होतो. हा संबंध अँथनी ॲलिसन ह्या डॉक्टराने पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून १९५४ साली दाखवून दिला. जेथे मलेरियाने पिढ्यानपिढ्या मुले नेली, तेथे हे जनुक टिकले ते अशा सौद्यावर: वाहकांना संरक्षण, आणि त्याची किंमत त्यांच्या काही मुलांनी मोजायची. मलेरिया हटला तरी ते जनुक लगोलग हटत नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे. परंतु पती व पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त असण्याचा संभव चारांत एक इतका असतो, आणि म्हणून त्या भागांत विवाहापूर्वी रक्त तपासून घ्या असे सांगण्यात येते.