राजाची सनद आणि शेताची माती
स्कॉटलंडमधील जमिनीच्या हक्काची हकीकत

जमीन कसणाऱ्याची, की ज्याच्या नावाचा कागद आहे त्याची, हा प्रश्न शेतकरीवर्गास नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही कागदाअभावी शेत गमावलेली घराणी जशी आढळतात, तशीच हाती कागद असून ताबा नसल्यामुळे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी माणसेही आढळतात. मुलकी दप्तर सांभाळण्यात ज्याची हयात गेली, त्यास या विषयाची गोडी असणे स्वाभाविक होय. स्कॉटलंड देशाने हा प्रश्न कसा सोडवला, आणि तो सोडवताना कोण तरले व कोण बुडाले, ही हकीकत बोधप्रद असल्यामुळे वाचकांपुढे ठेवीत आहे.

स्कॉटलंड हा ग्रेट ब्रिटन बेटाचा उत्तरेकडील भाग. १६०३ पर्यंत तेथील राजा वेगळा होता, आणि १७०७ पर्यंत तेथील पार्लमेंटही वेगळे होते. जमिनीचा कायदा तर तेथे आजही इंग्लंडहून निराळा आहे.

जमीन धारण करण्याचे प्रकार

त्या देशात थोडे अपवाद सोडल्यास सर्व जमीन अखेरीस राजाची, असे कायद्याचे मूळ तत्त्व होते. राजाकडून सरदार जमीन धारण करीत, सरदारांकडून लहान जमीनदार, आणि त्यांच्या हाताखाली कुळे राबत. येणेप्रमाणे प्रत्येक धारकाच्या डोक्यावर एक वरिष्ठ धनी असे. धारण करण्याचे प्रकार मुख्यतः तीन. पहिल्या, ‘वॉर्ड’ नावाच्या प्रकारात धारकाने लष्करी चाकरी करावयाची. तो मयत होऊन वारस अज्ञान असल्यास वारस वयात येईपर्यंत जमिनीचे उत्पन्न वरिष्ठाने घ्यावयाचे, आणि वारसाचे लग्न जुळवण्याचा हक्कही वरिष्ठाचाच. दुसऱ्या, ‘ब्लेंच’ प्रकारात देणे केवळ नाममात्र असे : वर्षाकाठी एक पेनी, हातमोज्यांचा जोड, किंवा ऐन उन्हाळ्यात गुलाबाचे एक फूल. तिसरा प्रकार ‘फ्यू’ हा होय. यात आरंभी एक मोठी रक्कम भरावयाची व पुढे दरसाल ठरीव देणे वंशपरंपरा द्यावयाचे.

राजाची मान्यता कशासाठी

सरकारकडून थेट जमीन धारण करणाऱ्याने ती दुसऱ्यास विकली, तर खरेदीदारास राजाची मान्यता-सनद मिळवावी लागे. ही न मिळवल्यास धोका मोठा होता. वॉर्ड प्रकारातील धारकाने वरिष्ठाच्या संमतीवाचून निम्म्याहून अधिक जमीन दुसऱ्यास दिली, तर विकलेलीच काय, पण राहिलेली जमीनही वरिष्ठाकडे परत जाई. वारसाने आपली नोंद वेळेवर करून न घेतल्यास तोवरचे उत्पन्न वरिष्ठास घेता येई.

याखेरीज आणखी एक संकट होते. स्कॉटलंडच्या गादीवर वारंवार अज्ञान राजे आले. पाचवा जेम्स १५१३ साली राजा झाला तेव्हा दीड वर्षाचाही नव्हता. त्याची कन्या मेरी १५४२ साली सहा दिवसांची असताना राणी झाली. तिचा पुत्र सहावा जेम्स १५६७ साली तेरा महिन्यांचा होता. अज्ञानपणी कारभाऱ्यांनी राजाच्या नावे वाटेल त्यास जमिनी द्याव्यात, आणि राजाने वयात आल्यावर पंचवीस वर्षांचा होण्यापूर्वी त्या रद्द ठरवाव्यात, असा तेथे रिवाज पडला. म्हणून हुशार जमीनदार राजा वयात येताच जुन्या सनदा घेऊन दरबारी धावत व त्या पुन्हा कायम करून घेत. पहिल्या चार्ल्स राजाने १६२५ साली असेच एक रद्दपत्र काढले व त्याचा अंमल १५४० पर्यंत मागे नेला. त्यामुळे सरदारवर्ग जो बिथरला, त्याची आठवण पुढे १६३८ च्या उठावापर्यंत गेली.

सनद हाती कशी पडे

प्रथम अर्जाचा मसुदा तयार होई. खजिन्याकडे ठरलेली रक्कम भरल्यावर त्यावर राजाची सही होई. मग ते प्रकरण लहान मुद्रेकडून खासगी मुद्रेकडे व तेथून महामुद्रेकडे जाई. प्रत्येक पायरीस नवा लेख आणि नवी फी. अखेर कातड्याच्या पानावर लॅटिन भाषेत लिहिलेली, महामुद्रेचे मेण लटकत असलेली सनद धारकास मिळे, व तिची नक्कल महामुद्रेच्या नोंदवहीत उतरली जाई. राजास मान्यता देण्यात रयतेच्या रक्षणाइतकीच खजिन्याच्या भरतीचीही काळजी होती, हे यावरून उघड दिसते.

परंतु नुसत्या सनदेने जमीन मिळत नसे. सनदेत ताबा देण्याचा हुकूम असे. त्याप्रमाणे वरिष्ठाचा अंमलदार प्रत्यक्ष त्या जमिनीवर जाई, आणि नोटरी व साक्षीदार यांच्यासमोर तेथील माती व दगड उचलून धारकाच्या किंवा त्याच्या मुखत्याराच्या हाती देई. मासेमारीचा हक्क असल्यास जाळे व होडी, गिरणीचा असल्यास जात्याचे सामान, अशी ज्या त्या मालमत्तेची खूण ठरलेली होती. या विधीस ‘सेझीन’ म्हणत. नोटरी त्याचा लेख करी, आणि तो लेख होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालकी पुरी होत नसे. शेतात उभे राहून माती हातात घेण्याची ही चाल १८४५ च्या कायद्याने अनावश्यक ठरेपर्यंत चालू राहिली.

देवस्थानच्या जमिनी

सोळाव्या शतकात मठांच्या व धर्मपीठांच्या अफाट जमिनी फ्यू प्रकाराने लोकांस देण्याची लाट आली. मठांस रोख पैशाची निकड होती व कसणारांस कायमचा हक्क हवा होता. पूर्वी अशा व्यवहारास पोपची मान्यता घेत. १५६० साली पार्लमेंटने पोपची सत्ता झुगारल्यावर प्रश्न उभा राहिला की, आता मान्यता कोणाची? १५६४ साली पार्लमेंटने ठरवले की, अलीकडे दिलेल्या अशा जमिनींस राणीची मान्यता पाहिजे. ती नसेल तर व्यवहार निरर्थक. लोक मान्यतेसाठी राजधानीकडे धावू लागले.

त्यात पुष्कळ साधे कसणारे स्वतःच्या शेताचे कायम मालक झाले, ही मोठीच गोष्ट होय. देणे रोख व ठरीव असल्यामुळे, पुढे वस्तूंचे भाव चढत गेले तसतसा त्याचा भार हलका झाला व फायदा धारकाच्या पदरी पडला. परंतु ज्यांच्यापाशी आरंभीची रक्कम व मान्यतेची फी नव्हती, त्यांची गत वाईट झाली. तेथे काही कुळे ‘काइंडली’ कुळे म्हणून ओळखली जात. बापामागे मुलाने तेच शेत करावे, एवढ्या रिवाजावर त्यांचा हक्क उभा होता. त्यांचे शेत परक्याने फ्यूने घेतले की ती नव्या धन्याच्या मर्जीवर राहत, अथवा घराबाहेर पडत. रिवाज सर्व गावास ठाऊक होता, पण महामुद्रेच्या वहीत तो लिहिलेला नव्हता.

तलवार आणि कातडे

उत्तरेकडील डोंगराळ मुलुखात व बेटांवर तर कागदाची पर्वाच थोडी. तेथे टोळीचा नायक तलवारीच्या जोरावर मुलूख राखी. १५९७ साली पार्लमेंटने फर्मावले की, त्या मुलुखातील सर्व जमीनदारांनी १५ मे १५९८ पर्यंत आपले कागद खजिन्याच्या कचेरीत दाखवावेत. न दाखवल्यास हक्क बुडाला. लुइस बेटाच्या मॅक्लाउड घराण्याकडून कागद आले नाहीत. राजाने ते बेट फाइफ प्रांतातील काही गृहस्थांच्या मंडळीस दिले. त्यांनी तेथे वसाहत करण्याचा तीनदा प्रयत्न केला व तीनदा मार खाल्ला. शेवटी १६१० साली त्यांचा हक्क शेजारच्या मॅकेंझी घराण्याने घेतला. मॅक्लाउडांनी परक्यास पिटाळले खरे, परंतु बेट त्यांच्याकडे परत आले नाही.

कपॉकच्या मॅकडोनल्ड घराण्याची गोष्ट अशीच आहे. त्यांच्या ताब्यातील जमिनीची सनद मॅकिंटॉश घराण्याच्या नावे होती. मेंढीच्या कातड्यावर आपण जमीन धरीत नाही, तलवारीवर धरतो, असे कपॉकचा नायक म्हणे, अशी आख्यायिका आहे. १६८८ साली मलरॉय येथे लढाई होऊन मॅकिंटॉशचा पराभव झाला व तो स्वतः पकडला गेला. तरीही सनदेवरील नाव पालटले नाही.

१६१७ चे दोन कायदे

या सर्व गोंधळास बांध घातला तो १६१७ सालच्या दोन कायद्यांनी. पहिल्याने ठरवले की, सेझीनचा प्रत्येक लेख साठ दिवसांच्या आत सरकारी नोंदवहीत चढवलाच पाहिजे, नाही तर नंतरच्या खरेदीदाराविरुद्ध तो चालणार नाही. एक वही एडिंबरोस, व निरनिराळ्या जिल्ह्यांसाठी स्वतंत्र वह्या. वही कोणासही पाहता येई. यामुळे एकच जमीन दोघांस विकण्याची लबाडी पुष्कळ आटोक्यात आली. दुसऱ्याने ठरवले की, ज्याच्यापाशी योग्य कागद आहे व ज्याने चाळीस वर्षे निर्वेध वहिवाट केली, त्याच्या हक्कास जुने दोष काढून कोणी धक्का लावू नये. कागद, नोंद आणि वहिवाट हे तिन्ही येथे एकत्र आले. राजाच्या लहरीपेक्षा वहीतील ओळीवर भिस्त ठेवता येऊ लागली.

वॉर्ड प्रकार १७४५ च्या बंडानंतर पार्लमेंटने बंद केला. वरिष्ठ-धारकांची जुनी उतरंड मात्र २००० सालच्या कायद्याने, २८ नोव्हेंबर २००४ पासून, पुरती मोडली. १६१७ ची नोंदवही साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ मुख्य आधार होती. १९८१ पासून नकाशावर आधारलेली नवी नोंदणी क्रमाक्रमाने तिची जागा घेत आली आहे.

वाचकांनी यातून घ्यावयाचे ते इतकेच. वडिलोपार्जित शेतावर आपलीच वहिवाट आहे, सारा गाव ते जाणतो, मग कचेरीत खेटे कशास, असे म्हणणारे गृहस्थ आपल्याकडे आजही भेटतात. लुइसचे मॅक्लाउड असेच म्हणत असावेत. खरेदीखत नोंदवले म्हणजे काम संपले असे समजू नये. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढले की नाही, ते स्वतः पाहावे. वडील वारल्यास वारसनोंद लांबवू नये. भावाभावांत तोंडी वाटणी झाली असेल, तर सर्वांचे सख्य आहे तोवरच ती लेखी करून घ्यावी. आणि कागद पेटीत जपताना शेताकडे पाठ फिरवू नये. बांध, हद्दीच्या खुणा व वहिवाट यांवरही नजर असावी. साठ दिवसांची मुदत चुकल्यामुळे घेतलेली जमीन हातची गेली, असे स्कॉटलंडात घडू शके. आपल्या हक्काची मुदत कोणती, हे प्रत्येकाने वेळीच विचारून ठेवावे.