कावेरीकाठची गळकाठी: दीडशे वर्षांचा मागोवा

बंगळूरचे चामराजपेट १८९२ साली वसले, तेव्हा शेजारी केंपांबुधी तळे होतेच. अशा तळ्यांवर गळ टाकायला बांबूची काठी, दोरी आणि गांडूळ पुरे. मोठ्या माशाच्या नादाला लागलेले मात्र कनकपुरा रस्त्याने कावेरी गाठत.

त्या नादाची पोथी त्याआधीच लिहिली गेली होती. मंगळूरकडे कलेक्टर असलेल्या हेन्‍री सलिवन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली आले. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन बंधूंपैकी एकाने कावेरीच्या उपनदीत, काबिनीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर मासा काढला. पुढे महासीर संपत आला असे लोक धरून चालले. १९७७ साली तीन इंग्रज गळकरी कावेरीवर आले आणि तो समज मोडला.

त्यानंतर भीमेश्वरी, गाळीबोरेच्या तळांवर नाचणीचे तंत्र गाजले. शिजवून घट्ट मळलेल्या पिठाचा गोळा गळाभोवती थापायचा, शिशाच्या वजनाने तळाशी बसवायचा आणि बोट दोरीवर ठेवून वाट पाहायची. वाहत्या पाण्यात चकाकता धातूचा चमचा फिरवत ओढणे हे दुसरे तंत्र. त्यात हात सतत चालता लागतो. पिसांची खोटी माशी फेकणे हे सर्वांत नाजूक, आणि लहान माशांना अधिक सोयीचे. मोठा मासा दोरी घेऊन पळाला, की गोल टोपलीहोडीतून त्याच्या मागे जायचे.

पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदवह्यांनी मात्र वेगळेच सत्य सांगितले. गाळीबोरेच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदींत निळ्या परांचा महासीर वाढत गेला आणि कावेरीचा स्वतःचा, नारिंगी परांचा कुबडा महासीर घटत गेला. निळ्या परांचा महासीर आपल्या महाराष्ट्राकडचा: निसर्ग-अभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या नदीतून त्याचे वर्णन केले, लोणावळ्याच्या टाटा मत्स्यबीज केंद्रात त्याची पैदास झाली आणि बोटुकली चांगल्या हेतूने कावेरीत सोडली गेली. कुबड्या महासीराची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली; त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला.

हे तळ ज्या अभयारण्यात होते, तिथली गळमासेमारी बंद झाली आणि त्या नोंदीही थांबल्या. तंत्र कोणतेही असो, परवानगीच्या पाण्यात गळ टाकणाऱ्याने माशाची जात, वजन आणि जागा लिहून ठेवावी. आणि परक्या नदीची बोटुकली कोणीही कितीही चांगल्या हेतूने सोडू नयेत.