मूळ छायाचित्र आणि संगणकाचा कुंचला

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे मोठे काम मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात केले. त्यांपैकी अनेक प्रतिकृती पुढे लंडनमधील आगीत जळाल्या. भिंतीवरची मूळ चित्रे मात्र राहिली. याउलट, चित्रे टिकावीत म्हणून प्रत्यक्ष भिंतीवर चढविलेला लाखेचा लेप कालांतराने काळवंडला आणि तो उतरविणे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांसाठी अत्यंत जिकिरीचे ठरले. प्रतिकृतीवरील काम मुळाला धक्का लावीत नाही. मुळावरचे काम मात्र सहजासहजी पुसता येत नाही.

संगणकावर जुने छायाचित्र दुरुस्त करतानाही हेच ध्यानात ठेवावे. ऊसतोडीच्या बिऱ्हाडासोबत पेटीतून फिरलेले आजी-आजोबांचे एखादेच छायाचित्र तेलगाव परिसरातील कित्येक घरांत असते. ते स्कॅन करून फोटोशॉपमध्ये किंवा विनामूल्य मिळणाऱ्या गिंपमध्ये उघडावे. प्रथम नवा रिकामा लेअर घ्यावा. लेअर म्हणजे चित्रावर अंथरलेला पारदर्शक कागदच. दुरुस्ती त्यावरच करावी, म्हणजे चुकलेला भाग खालच्या चित्राला न दुखावता पुसता येतो.

ब्रशचे तीन गुण आधी समजून घ्यावेत : आकार, कडेचा मऊपणा आणि रंगाची अपारदर्शकता. मऊ कडेचा ब्रश भोवतालच्या छटेत मिसळतो, तर कठीण कडेचा ब्रश ठळक रेघ सोडतो. अपारदर्शकता कमी ठेवली की रंग हलका बसतो व हळूहळू गडद करता येतो. ‘क्लोन’ हे साधन चांगल्या भागाची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या जागी उमटविते. ‘हीलिंग’ ब्रश चांगल्या भागाचा पोत घेतो, परंतु रंग व उजेड दुरुस्तीच्या जागेचाच राखतो; म्हणून गालावरचा ओरखडा भरण्यास तो अधिक योग्य. दोन्ही साधनांना खालच्या लेअरमधील चित्रही नमुना म्हणून घेण्यास सांगावे, अन्यथा रिकाम्या लेअरवर काहीच उमटत नाही.

मागच्या भिंतीवरील चीर भरणे ही दुरुस्ती होय. वाळवीने खाल्लेला डोळा अंदाजाने रंगविणे हे मात्र नवे चित्र काढणे आहे. नातवंडे त्यालाच आजीचा चेहरा समजतील. म्हणून मूळ स्कॅन वेगळे जपावे, दुसऱ्या फाइलच्या नावात ‘दुरुस्त प्रत’ असे लिहावे आणि कागदावरचे मूळ छायाचित्र कधीही टाकून देऊ नये.