विद्यार्थ्याची बैठक

गेल्या पावसाळ्यांत माझ्या एका सहाध्यापकांचें व्याख्यान ऐकावयास मी विद्यार्थ्यांमध्यें मागच्या रांगेंत जाऊन बसलों. व्याख्यान चांगलें होतें, विषयहि माझ्या आवडीचा होता. असें असून विसाव्या मिनिटाला माझें लक्ष वक्त्यावरून उडालें तें मांड्यांकडे गेलें, पस्तिसाव्या मिनिटाला पाठीकडे वळलें, आणि तास संपल्याची घंटा झाली तेव्हां मला जो आनंद झाला तो विद्यार्थिदशा संपल्यापासून मीं अनुभवलेला नव्हता. ज्या वर्गाला मी आठवड्यांतून चार वेळां "चुळबूळ करूं नका" म्हणून बजावीत आलों, त्याच वर्गाचीं तीं बाकें. त्यांवर आपण एकदांहि बसून पाहिलें नाहीं, हें त्या दिवशीं प्रथम ध्यानांत आलें. श्रोतेहो, आज मी जें सांगणार आहें तें त्या पंचावन्न मिनिटांच्या प्रायश्चित्ताचें फळ आहे.

विद्यार्थ्यानें सुखानें बसावें ही कल्पना विद्यापीठांच्या इतिहासांत बरीच उशिरा आली. मध्ययुगांत पॅरिसच्या विद्यापीठांतील कलाशाखेचे वर्ग ज्या गल्लींत भरत, तिचें नांवच मुळीं 'पेंढ्याची गल्ली' असें होतें. गुरुजी आसनावर आणि शिष्य जमिनीवर पसरलेल्या पेंढ्यावर, अशी तेथील रीत. डान्टेच्या महाकाव्यांतहि या गल्लीचा उल्लेख आहे. १३६६ सालीं पोपच्या प्रतिनिधींनीं नियम करून विद्यार्थ्यांनीं बाकांवर न बसतां जमिनीवरच बसावें असें फर्माविलें, आणि त्याचें कारणहि नमूद केलें : तरुणांच्या मनांत गर्व शिरूं नये ! इटलींतील पाडुआ येथें १५९५ च्या सुमारास शवच्छेदन दाखविण्यासाठीं जें प्रेक्षागृह पुरें झालें, त्यांत तर बसण्याची सोयच ठेविली नाहीं. लांकडी कठड्यांचे सहा अंडाकृति सज्जे एकावर एक चढत गेले आहेत, आणि त्यांत दाटीवाटीनें उभें राहून खालीं पाहावयाचें. तें प्रेक्षागृह आजहि जागेवर आहे. त्या उभ्या विद्यार्थ्यांची कींव करण्याचें मात्र मला कारण दिसत नाहीं. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकण्याची मोकळीक तरी त्यांना होती.

आपल्याकडे पाठशाळेंत घोंगडीवर मांडी घालून बसत. त्या बैठकीचे स्वतःचे त्रास असतील, परंतु उंचीचा प्रश्न तींत उद्भवत नसे. जमीन सर्वांना सारखीच. शिवाय मांडी मोडून एक गुडघा वर घ्यावा, पाय बदलावा, भिंतीला टेकावें, एवढें स्वातंत्र्य होतें. इंग्रजी शिक्षणाबरोबर पायऱ्यापायऱ्यांच्या गॅलऱ्या आणि लांबच लांब बाकें आलीं, तेव्हां प्रथमच आपल्या विद्यार्थ्याचे पाय सुताराच्या मापाला बांधले गेले.

आतां बसणें म्हणजे काय तें पाहूं. बसलेल्या माणसाचा बहुतेक भार कटिबंधाच्या तळाशीं असलेल्या दोन हाडांच्या टोंकांवर येतो. त्या टोंकांच्या आणि लांकडाच्या मध्यें जें मांस व कातडें सांपडतें, त्यांतील रक्ताचा ओघ दाबामुळें मंदावतो. कांहीं वेळानें तेथें कळ लागते आणि माणूस नकळत भार दुसऱ्या बाजूस टाकतो. आम्ही शिक्षक जिला चुळबूळ म्हणतों ती हीच. मज्जारज्जूच्या दुखापतीमुळें ज्यांची कमरेखालची संवेदना गेलेली असते त्यांना ही कळ उमटत नाहीं, आणि बसल्या जागीं त्यांना व्रण पडतात. म्हणजे चुळबूळ हें अनास्थेचें लक्षण नसून शरीराचें स्वसंरक्षण आहे. तें थांबविण्याची आज्ञा मी वर्षानुवर्षें देत होतों !

पाठीची गोष्ट याहून नाजूक आहे. उभ्या माणसाच्या कमरेच्या कण्याला आंतल्या बाजूस एक कमान असते. खुर्चीवर बसून मांड्या काटकोनांत आणल्या म्हणजे तो सगळा काटकोन खुब्याच्या सांध्यांत होत नाहीं. मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात, कटिबंध मागें फिरतो, आणि कण्याची कमान सपाट होते. कीगन या अमेरिकन शल्यविशारदानें १९५३ सालीं क्ष-किरणांच्या साह्यानें दाखविलें कीं, धड आणि मांडी यांमधील कोन सुमारें १३५ अंशांचा असतां ही कमान स्वाभाविक राहते. कुशीवर गुडघे किंचित् दुमडून निजलों असतां आपण याच स्थितींत असतों. तेव्हां 'ताठ, काटकोनांत बस' हा जो उपदेश पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याला शरीररचनेचा फारसा आधार नाहीं. मांडाल नांवाच्या डेनिश शल्यविशारदानें १९७० नंतरच्या काळांत असें निदर्शनास आणलें कीं, लिहितांना मुलें खुर्ची पुढच्या दोन पायांवर कलती करून बसतात, आणि तसें केल्यानें हा कोन आपोआप मोठा होतो. त्यानें पुढें उतरत्या बैठकीची खुर्ची व उंच, उतरतें मेज सुचविलें. ती खुर्ची सर्वांना मानवली नाहीं, कारण माणूस हळूहळू घसरूं लागतो. पण मेजाच्या उताराविषयीं मला शंका नाहीं. आपला मुनीम मांडीपुढें उतरतें मेज घेऊन जन्मभर लिहीत असे, तो कांहीं उगाच नव्हे.

कॉलेजच्या विद्यार्थ्याची अडचण अशी कीं, त्याला दोन आसनें लागतात. ऐकतांना तो मागें टेकूं पाहतो आणि टिपण घेतांना पुढें वांकतो. हा फेरा दर मिनिटाला चालू असतो. येथेंच बाक आणि मेज यांमधील अंतराचा प्रश्न येतो, आणि माझ्या मतें सर्व अनर्थाचें मूळ तेथेंच आहे. बाकाची पुढची कड आणि मेजाची मागची कड यांमध्यें मोकळी जागा राहिली, तर लिहिण्यासाठीं पाठीचा टेका सोडून ओणवें व्हावें लागतें. मेजाची कड बाकावर दोन बोटें आली, तर टेकून बसूनहि लिहितां येतें. परंतु मग उभें राहतां येत नाहीं, आणि रांगेंतून कोणी आंत शिरूं शकत नाहीं ! प्राध्यापक आले कीं उभें राहावयाचें, आणि उशिरा येणाऱ्यानें सहा जणांचे गुडघे ओलांडून जावयाचें, या दोन कार्यांसाठीं आपल्या गॅलऱ्यांतून हें अंतर कायमचें मोठें ठेवून बाकें जमिनीला खिळलीं. दोन क्षणांच्या सोयीसाठीं पंचावन्न मिनिटांची पाठ खर्ची पडते. उठतांच आपोआप वर मिटणारी बैठक हा त्यावरचा उपाय नाटकगृहांनीं कधींच उचलला आहे.

हें अंतर प्रथम मोजलें तें १८६० नंतरच्या दशकांत जर्मन भाषा बोलणाऱ्या वैद्यांनीं. ब्रेसलौ येथील नेत्रवैद्य हेर्मान कोन यानें १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासले, वरच्या वर्गांत दृष्टीचें ऱ्हस्वत्व वाढत जातें असें १८६७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्याचा दोष अपुऱ्या उजेडाबरोबर वाईट बाकांना दिला. आज जवळचें काम आणि मोकळ्या उजेडांतील वावराचा अभाव यांकडे अधिक बोट दाखविलें जातें. बाकांवरचा तो आरोप बराचसा सैल झाला आहे. पण डोळ्यांच्या भीतीनें बाकें सुधारलीं, त्याचा लाभ पाठींना झाला.

तरी 'सर्वांना एकच माप' हा हट्ट सुटला नाहीं. पावलापासून गुडघ्यामागच्या खोलगट भागापर्यंतची उंची माणसाच्या एकंदर उंचीच्या सुमारें चौथाई असते. पांच फूट उंचीच्या मुलीची ती पंधरा इंच, आणि सहा फूट उंचीच्या मुलाची अठरा. दोघांना सतरा-अठरा इंचांचें बाक दिलें तर मुलीचे पाय लोंबकळतात, मांडीखालच्या शिरा बाकाच्या कडेनें दाबल्या जातात आणि पायांना मुंग्या येतात. 'मध्यम माप घ्या' असें कोणी म्हणेल. १९५० सालीं अमेरिकेंत ४,०६३ वैमानिकांचीं मापें घेण्यांत आलीं. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकानें त्यांतील दहा मापें निवडून पाहिलें, तर दहाहि बाबतींत मध्यम असा एकहि वैमानिक निघाला नाहीं. त्यानंतर विमानांच्या बैठका हलत्या, सरकत्या करणें भाग पडलें. वैमानिकानें अस्वस्थ बसणें धोक्याचें, हें सर्वांना पटतें. विद्यार्थ्याच्या अस्वस्थतेनें कांहीं कोसळत नाहीं, म्हणून ती मोजली जात नाहीं.

हाताला लांकडी फळी असलेली खुर्ची आतां पुष्कळ ठिकाणीं आली आहे. ती हलते, हा तिचा गुण. पण फळी उजवीकडे असते, आणि दहांत सुमारें एक माणूस डावखुरा असतो. त्याला तीन तासांची परीक्षा कंबर पिळून द्यावी लागते. वही आणि लॅपटॉप दोन्ही त्या फळीवर मावत नाहींत, ही तक्रार तर सर्वांचीच आहे.

व्याख्यान ऐकून आल्यावर मीं कॉलेजच्या सुताराला बोलाविलें. नवीन बाकांना पैसा नाहीं, हें मला ठाऊक होतें. त्यानें वर्गांत फिरून, बसून, मान हलवून सांगितलें, "सर, बाक खालीं घेतां येणार नाहीं, पण जमीन वर आणतां येईल." पुढच्या दोन रांगांना त्यानें पायांखालीं तीन इंच उंचीची फळी ठोकून दिली, आणि डावखुऱ्यांसाठीं चार खुर्च्यांच्या फळ्या उलट्या बाजूस बसविल्या. खर्च माझ्या खिशाला सोसण्यासारखा झाला. एरवीं पुढच्या रांगांत बसावयास कोणी धजत नसे. आतां ठेंगण्या मुली तास सुरू होण्यापूर्वीं दहा मिनिटें येऊन त्या जागा धरतात. मागच्या नऊ रांगा तशाच आहेत. सुताराला पुन्हां बोलाविलें आहे, आणि चुळबुळीबद्दल मी सध्यां कोणास कांहीं बोलत नाहीं.