चक्कर नेमकी कसली? भोवळ समजून घेऊया



चतुर्थीत आमच्याकडे नांदगावात फुगड्या रंगतात. फुगडी थांबली तरी अंगण फिरतच राहतं. असं का होतं? वर्गात दाखवायला पेलाभर पाणी आणि चिमूटभर चहापूड पुरे. पेला गोल गोल फिरवा आणि एकदम थांबवा. पेला थांबतो, आतली पूड मात्र फिरत राहते.

आपल्या प्रत्येक आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतही द्रव असतो. आपण थांबलो तरी तो हलतो. कान सांगतो 'फिरतोय', पाय सांगतात 'उभा आहे'. मेंदूचा हा गोंधळ म्हणजे भोवळ. या यंत्रणेच्या अभ्यासासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

मग न फिरताच भोवळ का येते? नेहमीची कारणं अशी :

१) कानातले कण सरकणे : हे सर्वांत जास्त आढळतं. कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेत शिरतात. कूस बदलली, वर पाहिलं की गरगरतं, पण मिनिटभराच्या आत थांबतं. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण जागेवर आणतात. गोळ्यांपेक्षा याचाच उपयोग जास्त होतो.

२) संतुलनाच्या नसेला सूज : भोवळ कित्येक तास, काही दिवसही राहते.

३) मेनियरचा आजार : सोबत कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं.

४) अर्धशिशी : मुलांमध्ये हे कारण बऱ्याचदा सापडतं.

प्रार्थनेला उभं असताना उपाशी मुलाला येते ती बहुधा भोवळ नसते. म्हणून 'नाटकं करतो' म्हणण्याआधी विचारा, "बाळा, सगळं फिरतंय की डोळ्यांपुढे अंधारी येतेय?" या एका उत्तराने डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं.

आणि घरातल्या आजी-आजोबांसाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भोवळीसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले किंवा उभंच राहता येईना, तर 'पित्त झालं असेल' म्हणून झोपवून ठेवू नका. तो पक्षाघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

भोवळ पूर्ण थांबेपर्यंत माडावर चढणं, होडीत जाणं, दुचाकी चालवणं मात्र बंद!