कुंडीतील कलमांची मूळकूज : पाणी देताना घ्यावयाची दक्षता

संत्रा, मोसंबी वा लिंबाची कलमे लागवडीची वेळ येईपर्यंत कुंडीत अथवा पिशवीत जोपासावी लागतात. अशा कलमाची पाने मलूल दिसली, की त्यास पाणी कमी पडले असे समजून लगेच पाणी घातले जाते. माती कोरडी असल्यास ते योग्यच होय. परंतु माती ओली असूनही पाने मलूल राहत असतील, तर ती बहुधा मूळकुजीची खूण असते. अशा वेळी आणखी पाणी घालणे घातक ठरते.

मुळांना पाण्याप्रमाणेच हवेचीही गरज असते. मातीतील पोकळी सतत पाण्याने भरलेली राहिल्यास मुळे गुदमरतात. शिवाय लिंबूवर्गीय झाडांची मुळे कुजविणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवाचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत कोवळ्या मुळांपर्यंत जातात. कुजलेल्या मुळांस पाणी शोषता येत नाही. म्हणून ओल असतानाही झाड सुकते.

कुंडीच्या तळास छिद्र असलेच पाहिजे. त्यावर खापरी पालथी ठेवून पोयटा माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. कलमाचा जोड मातीच्या वर राहील असे पाहावे.

पाणी देण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागल्यास त्या दिवशी पाणी देऊ नये. मातीच्या कुंडीवर टिचकी मारल्यास कोरडी कुंडी खणखणते, ओली बद्द वाजते. पाणी सकाळी, तळातून निथळेपर्यंत द्यावे. पुढचे पाणी वरचा थर सुकल्यावरच द्यावे. माती न पाहता रोज ठराविक पाणी घालण्याची रीत सोडून द्यावी. पावसाळ्यात कुंड्या विटांवर ठेवाव्यात.

शंका आल्यास कलम अलगद काढून मुळे पाहावीत. निरोगी मुळे पांढरट व टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी व मऊ होतात. ओढली असता साल निघून दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरतो. असे कलम बागेत लावू नये. मातीसह दूर नेऊन नष्ट करावे. कारण हा रोग मातीत दीर्घकाळ टिकतो व एका कलमापासून सबंध बागेस उपद्रव होऊ शकतो.

यास्तव गावोगावच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस कलमे खरेदी करतेवेळीच एकदोन पिशव्या सोडवून मुळे पाहण्याची सवय लावावी.