अब्बांची सायकल

राहात्यात पेरूच्या बागांकडे जाणाऱ्या वाटांवर सकाळी सायकलीवरची म्हातारी माणसे आजही दिसतात. आमचे अब्बा त्यांतलेच. दोन वर्षांपूर्वी फजरच्या वुजूसाठी ते अंधारात उठले आणि ओल्या फरशीवर घसरले. हाड मोडले नाही, अल्लाहचा शुक्र. पण घाबरून आम्ही पहिले काम काय केले, तर त्यांच्या सायकलीला कुलूप घातले. पडले न्हाणीत, शिक्षा सायकलीला!

सहा महिन्यांत त्यांचे पाय बारीक झाले. सजद्यातून उठताना आधार लागू लागला, मग नमाजला खुर्ची आली. पडण्याची भीती माणसाला बसवून ठेवते, बसून पायांतले बळ जाते आणि असे पाय पुन्हा पाडतात. हे आम्हाला उशिरा उमगले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठीपुढची सर्वाधिक. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल व ताकद वाढवणारा व्यायाम करावा, असे याच संघटनेने २०२० साली सांगितले आहे. औषधाइतकेच हे गंभीरपणे घ्यावे, असे आमचे मत.

सायकलीने मांड्या-पोटऱ्या बळकट होतात आणि गुडघ्यांवर अंगाचा भार कमी येतो. पण ती बसून चालवायची. उभ्याने तोल सांभाळण्याचा सराव वेगळा करावा लागतो. म्हणून अब्बा आता हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठतात-बसतात, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून एका पायावर उभे राहतात. अम्मींना सायकल कधी आलीच नाही. त्याही हाच व्यायाम करतात. पाळी गेल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होऊ लागतात, त्यामुळे त्यांना याची गरज जास्तच.

सायकलीची सीट आम्ही खाली केली, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी. नगर-मनमाड रस्त्यावर जायचे नाही, एवढी एकच अट. तिथे शिर्डीच्या गाड्यांची वर्दळ असते. ज्यांची सायकल सुटून वर्षे झाली, त्यांनी एका जागी बसवलेलीच चालवावी. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना रक्तदाब आणि चालू गोळ्या दाखवाव्यात.

न्हाणीत आता रात्रभर दिवा असतो, भिंतीला धरायला दांडी आहे. खुर्ची अजून मुसल्ल्याजवळच ठेवलेली असते. फजरला अब्बा ती घेत नाहीत. इशाला दमलेले असले तर घेतात.